सावली जमा करणारं शहर

राखवेसमध्ये संध्याकाळची तिसरी घंटा झाली की प्रत्येकाने आपल्या विभागाच्या चौकीवर जाऊन सावली जमा करायची. मी लिहीत असलेल्या कादंबरीतला हा पहिला नियम. शिपाई टाचेपाशी लोखंडी पट्टी टेकवतो, सावली सोडवून घेतो, तिची घडी घालतो आणि खिडकीतला कारकून नंबराचा पितळी बिल्ला देतो. सकाळी बिल्ला दाखवून सावली परत मिळते. बिनसावलीचं अंग उघड्या आकाशाखाली हळूहळू गार पडत जातं. घरी पोचण्यापुरती ऊब उरते, त्याहून जास्त नाही. त्यामुळे राखवेसच्या लष्कराला रात्रीची गस्त फारशी घालावीच लागत नाही.

हस्तलिखित वाचणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "लष्करी राजवट आहे म्हणतेस, मग लष्कर कुठंय? काळे बुरूज नाहीत, फाशीचे खांब नाहीत, सेनापती तर एकदाही समोर येत नाही." तेव्हा तिला जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहावंसं वाटतंय, कारण या कादंबरीचा सगळा जीव त्यात आहे.

अशा राजवटींबद्दल जे जे वाचलं, त्यात मला रणगाड्यांपेक्षा बारीकसारीक गोष्टींनी जास्त धरून ठेवलं. पोलंडमध्ये 13 डिसेंबर 1981 ला मार्शल लॉ लागला तो रविवार होता. मुलं सकाळी टीव्हीसमोर त्यांचा नेहमीचा कार्यक्रम बघायला बसली, आणि पडद्यावर आले देशाची सत्ता हाती असलेले जनरल यारुझेल्स्की, गणवेशात. टेलिफोन बंद. पुढे सुरू झाले तेव्हा फोनवर एक आवाज सांगायचा की हे संभाषण नियंत्रणाखाली आहे. चोरून ऐकण्यात लष्कराला फायदा होताच, पण ऐकतोय हे सांगून टाकण्यात त्याहून मोठा फायदा होता. माणूस आईशीसुद्धा मोजून बोलायला लागतो.

म्यानमारमध्ये रात्री पाहुणा मुक्कामाला राहणार असेल तर त्याची नोंद वॉर्डाच्या अधिकाऱ्याकडे करायची, हा नियम वर्षानुवर्षं होता. 2021 च्या लष्करी उठावानंतर तो पुन्हा लागू झाला. त्याच देशात 1987 साली 25, 35 आणि 75 क्यातच्या (क्यात म्हणजे तिथलं चलन) नोटा एका फटक्यात रद्द झाल्या, बदली नोटा मिळाल्या नाहीत, आणि नंतर 45 आणि 90 च्या नोटा आल्या, कारण सत्ताधाऱ्याला नऊ हा आकडा शुभ वाटत होता. हे मी राखवेसमध्ये घातलं असतं तर वाचक म्हणाला असता, काहीतरीच काय!

म्हणून माझ्या शहरातली जादू मला नोंदवहीत बसणारी हवी होती. वीज कोसळवणारा मांत्रिक भीती दाखवतो, पण त्याच्यासमोर रांग लावावी लागत नाही. आणि खरी दहशत मला त्या रांगेत दिसते. रोज संध्याकाळी तीच माणसं, तोच क्रम, पुढच्याची सावली घडी होताना बघणं, आणि दहा वर्षांच्या पोराने "आई, मी आज एकटा जाऊन देऊन येऊ का?" असं उत्साहाने विचारणं.

आता, रात्री सगळेच घरात कोंडले तर शहर चालत नाही. भट्ट्या पहाटेच्या आधी पेटवाव्या लागतात, गटारं रात्रीच उपसतात, प्रेतं थांबत नाहीत. म्हणजे परवाने आले, आणि परवाना आला की तो देणारा हात आला. भट्टीवाल्यांचं मी दोन पानांत उरकलंय. सुईणीवर मात्र थांबले, आणि अजून तिथून हललेले नाही.

सुईणीला सावली ठेवून घ्यायची मुभा आहे, पण आज रात्री कुठल्या घरी जाणार हे आधी लिहून द्यायचं. बाळंतपण सांगून येत नाही. म्हणून ती रोज संध्याकाळी दिवस भरत आलेल्या सगळ्याच घरांची नावं लिहून देते. तिच्या दृष्टीने ती सोय आहे. लष्कराच्या हातात मात्र शहरात जन्मायच्या प्रत्येक मुलाची यादी आपोआप पडते, मूल जगात यायच्या आधीच. तिला हे कळतं. कारकून नावं उतरवून घेतो तेव्हा ती त्याच्या टाकाकडे बघत नाही, भिंतीवरच्या ओलीकडे बघते. यादी दिली नाही तर त्या रात्री एखादी बाई एकटी मरेल. ही कोंडी सोडवून द्यायचा मला मोह होतो आणि मी तो आवरते.

विरोधही तसाच, रोजच्या वापरातला. 1982 च्या फेब्रुवारीत पोलंडमधल्या श्विदनिक गावात लोक संध्याकाळच्या सरकारी बातम्या लागल्या की घराबाहेर पडून फिरायला लागले. काहींनी तर टीव्हीच खिडकीत आणून ठेवले, तोंड रस्त्याकडे करून. संचारबंदीची वेळ अलीकडे ओढली, तर लोक त्याआधीच्या बातम्यांच्या वेळी फिरू लागले. 1977 मध्ये, अर्जेंटिनात लष्करी राजवट असताना, ब्युनोस आयर्सला प्लाझा दे मायो चौकात त्या राजवटीने बेपत्ता केलेल्या मुलांच्या आया जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी होती, पोलिसांनी हटकलं, चालत राहा म्हणाले. त्या दोघी-दोघी करून चौकाला फेऱ्या मारायला लागल्या. हुकूमही पाळला आणि चौकही सोडला नाही. हे वाचताना मला अजूनही भरून येतं.

राखवेसमध्ये माणूस मेला की त्याची सावली दिवसाच्या आत चौकीवर द्यायची असते. काही घरं ती देत नाहीत. मागे ठेवलेली सावली संध्याकाळी आपली म्हणून जमा करता येते, आणि स्वतःची वाचते. सुईणीच्या पेटीत तिच्या आईची सावली आहे. ती सावली सुईण आपल्या मुलीला देते, कारण मुलीला रात्री बाहेर पडायचंय आणि तिच्याकडे परवाना नाही. पण आजी शेवटी कमरेत वाकली होती, तिची सावलीही वाकलेली. म्हणून एकोणीस वर्षांची पोरगी रोज रांगेत कंबर धरून, पावलं ओढत येते.

पट्टी टेकवणारा शिपाई त्याच गल्लीतला, भरतीत सक्तीने उचललेला. पहिल्याच दिवशी तो ओळखतो. त्याला भला माणूस करून टाकणं सोपं होतं, आणि माझ्या मैत्रिणीला तेच हवं होतं. मला नकोय. एका चांगल्या शिपायाने मुलगी वाचली तर ती राजवट म्हणजे नुसती काही वाईट माणसं, एवढंच उरेल. तो काही न बोलता घडी घालतो, बिल्ला देववतो, आणि चार दिवसांनी सुईणीच्या दारात येऊन मोबदला मागतो: माझ्या बहिणीचं घर यादीत लिहू नका.

पुढचं प्रकरण मी आत्ता तिथून लिहितेय. सुईण त्याला आत घेते, पाणी देते, आणि सांगते की ते नाव तिने आदल्याच संध्याकाळी लिहून दिलंय.