फ्रास्काती: डबा आपला, वाइन त्यांची

रोममध्ये आणखी एक चर्च दाखवलं असतं, तर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परतीचं तिकीटच मागितलं असतं. म्हणून फ्रास्काती. तेर्मिनी स्टेशनवरून लोकल पकडायची, अर्ध्या तासात गाव. शिवाय ही लाइन 1856 ची. पोपच्या राज्यातली ही पहिली रेल्वे. त्याआधीच्या सोळाव्या ग्रेगरी पोपने आगगाडीला बंदीच घातली होती. रेल्वेत उभी हयात काढलेल्या माणसाने लगेच हिशेब केला. "बोरीबंदर–ठाणे 1853. म्हणजे आपली आधी!" त्यानंतर दिवसभर स्वारी खुशीत.

गाडी रोमन जलवाहिन्यांच्या कमानी मागे टाकते, चांपीनोनंतर चढाला लागते आणि खिडकीतून द्राक्षमळे दिसू लागतात. स्टेशनमधून पायऱ्या चढून वर आलं की चौकाच्या डोक्यावरच विला आल्दोब्रांदिनी. आठव्या क्लेमेंट पोपच्या पुतण्याचा हा उन्हाळी वाडा. काका पोप असला की काय काय होतं, ते बघायचं तर इथे बघावं.

गावात मात्र जुनी घरं अपेक्षेपेक्षा कमी दिसतात. जर्मन सेनापती केसेलरिंगचं मुख्यालय इथे होतं, म्हणून 8 सप्टेंबर 1943 ला भर दुपारी अमेरिकन विमानांनी गावावर बॉम्ब टाकले. शेकडो नागरिक मेले, केसेलरिंग वाचला. आणि त्याच संध्याकाळी इटलीने दोस्तराष्ट्रांशी शस्त्रसंधी केल्याची घोषणा झाली. आप्पा यावर काहीच बोलले नाहीत. कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर जरा वेळ बसले, मग म्हणाले, "भूक लागली."

आता मुख्य गोष्ट. इथल्या जुन्या पद्धतीच्या दारूच्या गुत्त्यांना फ्रास्केत्ता म्हणतात. पूर्वी नवी वाइन तयार झाली की दारावर झाडाची फांदी लटकवत. आत लांब बाकं, साधी टेबलं आणि विकायला फक्त वाइन. खाणं गिऱ्हाइकाने आपापलं आणायचं! लोक बाजारातून पोर्केत्ता, म्हणजे मसाला भरून भाजलेलं डुक्कर, कागदात बांधून आणतात आणि टेबलावर पुडकं सोडतात. आम्ही सोडली थालीपिठं आणि लसणाची चटणी. परदेशात डबा उघडताना इकडेतिकडे बघायची आपली सवय असते ना, ती इथे लागत नाही. (आता बऱ्याच जागांची हॉटेलं झाली आहेत, तेव्हा बसण्याआधी विचारून घ्यावं.)

वाइन काचेच्या जगमधून येते: पाव लिटर, अर्धा, एक. पांढरी, मुख्यतः माल्वाझिया द्राक्षांची, आल्बान टेकड्यांच्या ज्वालामुखी मातीतली. 1966 पासून फ्रास्काती या वाइनच्या नावाला सरकारी मान्यता आहे, पण जगमधल्या वाइनला लेबल कुठलं असायला? मला ती हलकी, किंचित कडवट आणि थालीपिठाबरोबर चक्क छान लागली. उगाच ग्रेट वगैरे म्हणणार नाही. तहान भागवणारी वाइन आहे. आप्पांनी "औषधापुरती" म्हणत ग्लास पुढे केला आणि औषध दोनदा घेतलं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आम्हाला वाइन घालून केलेली कडक गोल बिस्किटं दिली आणि ती ग्लासात बुडवून खायची असतात हे हातवाऱ्यांनी शिकवलं. बदल्यात त्यांना चटणी दिली. त्यांनी तिसरा जग मागवला.

निघताना बेकरीत पुपाझ्झा दिसली. मधाच्या पिठाची कडक बाहुली, तीन स्तनांची. आप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे काय गं?" दोन दुधाचे, तिसरा वाइनचा, असं इथले लोक सांगतात. वडिलांना हे समजावून सांगायची वेळ कुणावर येऊ नये. पण ते एवढे हसले की बेकरीवाल्या बाई बाहेर येऊन बघू लागल्या. एक बाहुली घेतली. ती आत्याला भेट द्यायची की नाही, यावर आमचं अजून एकमत नाही.