धुरातली फरसबी, घाणा सहावा: चामडपणाचं मूळ सापडलं

काल संध्याकाळी सव्वासातला भाजीला धूर द्यायच्या पिंपाचं झाकण काढलं, चिमट्याने जाळीवरची एक शेंग उचलली आणि ती मधोमध वाकली. काडीसारखी ताठ राहिली नाही, दोऱ्यासारखी लोंबलीही नाही. चावली तर दाताखाली करकरली नाही. दोन महिने, सहा घाणे आणि चारेक किलो फरसबी झाल्यावर धुराचा वास असलेली आणि खरोखर शिजलेली अशी ही पहिली शेंग. मी गच्चीवरच उभ्याने अर्धी जाळी संपवली.

पहिले चार घाणे कुठे अडकले होते ते आधीच्या नोंदींत आहेच. पिंप 110 अंशांवर, परातीत पाणी, पेरूचं लाकूड, वेळ सव्वा तास. शेंगा बाहेरून सुरकुतलेल्या, रंग शेवाळी, वास असा की शेजारच्या काकू जिन्यात थांबून विचारायच्या. आणि चावायला निव्वळ चामडं. पाऊण तास वाढवून पाहिला तर आणखी चिवट. हेच मला झोपू देत नव्हतं. वांगं, टोमॅटो, कांदा, लाल भोपळा, पिंपात आजवर जे जे ठेवलं ते वेळ दिला की नरमलं. फरसबीला मात्र जितका वेळ द्यावा तितकी ती हट्टाला पेटत होती.

संशय आधी शेंगांवर घेतला. मार्केट यार्डातली जून असेल म्हणून दुसऱ्या घाण्याला सासवडकडच्या एका शेतकऱ्याकडून सकाळी तोडलेली आणली. कोवळी, मटकन मोडणारी, शिरा जवळजवळ नाहीतच. तरी तेच. तिसऱ्याला आच वाढवून 135 वर नेली, तेव्हा टोकं करपली आणि मधला भाग जसाच्या तसा. चौथ्याला शेंगदाण्याचं तेल सढळ हाताने चोळलं. थोडा फरक पडला आणि त्या थोड्या फरकाने मला दहा दिवस चुकीच्या रस्त्यावर ठेवलं. तेलाचे प्रकार बदलत बसले.

डोक्यात ठिणगी पडली होती ती खरं तर जानेवारीतच, अलिबागजवळ मैत्रिणीच्या वाडीवर पोपटीला गेले तेव्हा. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, परत पाला, तोंड पाल्यानेच गच्च बंद, मडकं उलटं आणि भोवती काटक्या-गवताचा जाळ. अर्ध्या तासात शेंगा लुसलुशीत आणि पाल्याचा वास थेट दाण्यापर्यंत. वाल काय नि फरसबी काय, दोन्ही शेंगाच. तिथे अर्ध्या तासात जे होतं ते माझ्या पिंपात दोन तासांत का होत नाही? फरक एकच दिसत होता. मडक्यात वाफ कोंडलेली असते, पिंपातून हवा वाहत असते. हा फरक किती मोठा आहे ते कळायला मात्र मार्च उजाडला.

चौथ्या घाण्यातल्या उरलेल्या कच्च्या शेंगांपैकी सगळ्यात जाड शेंग निवडली आणि तापमान मोजायचा बारीक सुईचा प्रोब तिच्यात लांबीच्या दिशेने सरकवला. (हा प्रोब घ्याच. जाड दांड्याचा मांसासाठी ठीक आहे, पण शेंगेत घातला की शेंग फाटते आणि आकडा हवेचा दिसतो.) पिंपातली हवा 112 वर धरून ठेवली. शेंगेच्या आत दहाव्या मिनिटाला 49, विसाव्याला 57, चाळिसाव्याला 61, तासाने 63. बाहेर 112 आणि आत 63! मी प्रोब उकळत्या पाण्यात बुडवून तपासला. बरोबर होता.

म्हणजे शेंग माठासारखी वागत होती. माठातून पाणी पाझरतं, उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. शेंगेच्या सालीतूनही वाहत्या हवेत पाणी उडत राहतं, आणि तिच्यातलं पाणी पुरेसं उडेपर्यंत ती तापतच नाही. तापायला लागते तोवर सुकलेली असते. धुरात ठेवलेल्या मांसाच्या मोठ्या तुकड्याच्या तापमानाचा आकडा तासन् तास एका जागी अडकतो ना, तेच हे. फक्त मांसाचा तुकडा त्यातून बाहेर येतो, शेंग तिथेच संपते.

पण नुसतं कच्चं राहणं वेगळं आणि चिवट होणं वेगळं. यामागचं कारण वाचलं तेव्हा मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. शेंगेच्या पेशींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ म्हणजे पेक्टिन. शेंगेतच एक एन्झाइम असतं, पेक्टिन मिथाइलएस्टरेज. साधारण 55 ते 70 अंशांमध्ये ते जोमाने काम करतं, पेक्टिनवर कॅल्शियमला चिकटायला जागा मोकळ्या करतं, आणि मग कॅल्शियम त्या धाग्यांना एकमेकांशी सांधतं. असं एकदा सांधलेलं पेक्टिन पुढे कितीही शिजवा, सहजी सुटत नाही. डबाबंद भाज्या करणारे हेच मुद्दाम करतात, कमी तापमानावर आधी थोडा वेळ धरतात, म्हणजे नंतरच्या उष्णतेत भाजीचा लगदा होत नाही. आणि मी एकेक तास माझी फरसबी नेमकी त्याच पट्ट्यात धरून बसले होते. वेळ वाढवला की चिवटपणा का वाढतो, याचं उत्तर तिथे मिळालं.

मग उपाय समोरच होता: ते एन्झाइम धुराआधीच मारायचं. पाचव्या घाण्याला दोन लिटर पाणी खळखळ उकळलं, 25 ग्रॅम मीठ, त्यात अर्धा किलो शेंगा, तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. कोरड्या पंचावर पंख्याखाली पसरल्या, चमचाभर तेल लावलं, पिंपात ठेवल्या. खूप सुधारणा! पण करकर पुरती गेली नव्हती.

हा घाणा मी सासूबाईंना चाखायला दिला. त्या म्हणाल्या, "अगं, टँकरचं पाणी वापरलंस का? आमच्या दहिवडीच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ कधी शिजायची नाही. वरणाला नळाचं पाणी वेगळं भरून ठेवायचो."

मार्चपासून आमच्या सोसायटीत टँकर येतो. बोअरचं पाणी, बादलीला पांढरा थर धरणारं. जड पाणी म्हणजे कॅल्शियम, आणि डाळ न शिजण्याचं कारणही तेच, पेक्टिन आणि कॅल्शियमची गाठ. एका हाताने एन्झाइम मारत होते आणि दुसऱ्या हाताने कॅल्शियम पाजत होते. सहाव्या घाण्याला शेंगा निम्म्या केल्या, पाव किलो टँकरच्या पाण्यात, पाव किलो फिल्टरच्या. मीठ, वेळ, जाळी, सगळं सारखं. ओळखता यावं म्हणून टँकरवाल्या शेंगांची देठं ठेवली, फिल्टरवाल्यांची खुडली. काल वाकली ती खुडलेली. देठवाल्या चांगल्या होत्या, पण डोळे मिटूनही मी त्या वेगळ्या काढू शकले. सासूबाईंनीही काढल्या.

मीठ कमी करू नका. सोडियम थोडंफार कॅल्शियम हुसकावून लावतं, शेंग नरमायला मदत होते. खायचा सोडा चिमूटभर घालून पाहिला होता, तो मला अजिबात पटला नाही. रंग हिरवागार राहतो, पण साल बुळबुळीत होते आणि धुरासोबत साबणासारखी चव येते.

एक गोष्ट कळकळीने सांगते. फरसबी आणि राजमा एकाच जातीचे, आपल्या कोरेगावचा वाघ्या घेवडाही त्यातलाच. कच्च्या दाण्यात पोट बिघडवणारं जे लेक्टिन नावाचं प्रथिन असतं ते शेंगेतही थोडं असतंच आणि ते मंद आचेवर जात नाही, त्याला उकळत्या पाण्याइतकी उष्णता लागते. माझ्या पहिल्या चार घाण्यांतल्या शेंगा 63 अंशांवरच राहिल्या होत्या, हे आता कळतंय. तेव्हा शेंगा आधी उकळणं चवीपुरतं समजू नका. पोटासाठीही ते हवंच.

आता धुराकडे. शेंग आधीच शिजलेली असल्यामुळे पिंपात सव्वा तास ठेवायचं कारणच उरलं नाही. फक्त 25 मिनिटं. यातून रंगही सुधारला, कारण धुरातल्या आम्लांनी आणि उष्णतेने हिरवा रंग शेवाळी होत जातो. वेळ कमी तर शेवाळीपणा कमी. शिवाय शेंगा फ्रीजमधून थेट जाळीवर ठेवल्या. गार पृष्ठभागावर धुरातले वास जास्त बसतात, हे टोमॅटोच्या वेळी पाहिलंच होतं. मध्येच दचकले होते, की गार शेंगा परत त्या 55 ते 70 च्या पट्ट्यातून सावकाश जाणार! पण एन्झाइम मेलेलं आहे. जाऊ देत खुशाल.

लाकूड पेरूचंच. पाकिटातले चिप्स मी सोडले. ऑनलाइन मागवलेलं शेवटचं पाकीट उघडलं तर निम्मा भुसा निघाला, निखाऱ्यावर पडताच भडका. बागेच्या छाटणीतल्या मनगटाएवढ्या फांद्या वर्षभर सावलीत वाळवून घ्या, त्याला तोड नाही. आंबाही चालतो, थोडा सौम्य. बाभूळ फरसबीला जड पडते, ती मटणाला ठेवा. भिजवलेल्या लाकडाच्या बाजूची मी आता राहिले नाही: आधी नुसती वाफ निघते आणि मग तोच धूर उशिरा येतो. कोळसा करवंटीचा, कारण राख कमी. बोहरी आळीत घेतलेली पत्र्याची नवी झडप बसवल्यापासून वरचं तोंड पूर्ण उघडं ठेवून फक्त खालून हवा आवळता येते, आणि धूर पांढऱ्याचा निळसर व्हायला बारा मिनिटं लागतात. ती बारा मिनिटं थांबाच. पांढऱ्या दाट धुरात ठेवलेली भाजी जिभेवर डांबरासारखी बसते.

ताटातली तिची जागा अजून ठरत नाहीये. उजवीकडे भाजी म्हणून वाढली तर कमी पडते, कारण रस नाही आणि पोळीशी तिचं जमत नाही. काल डावीकडे वाढली, चटणी-कोशिंबिरीच्या रांगेत, तोंडी लावायला, आणि ती तिथेच शोभली. शेंगा तिरप्या चिरल्या, वर दाण्याचं जाडसर कूट, मीठ, बारीक हिरवी मिरची. लिंबू पानावरच, आधी पिळलं तर रंग उतरतो. मोहरीची फोडणी एकदा दिली होती, हिंगाने धूर झाकून टाकला. बिनहिंगाची, नुसत्या जिऱ्याची तुपातली फोडणी चालेल असं वाटतं. ज्वारीची भाकरी, साधं वरण आणि ही फरसबी! मुलाने तिसऱ्यांदा मागून घेतली.

पुढचा घाणा पावसाचं पाणी साठवून करायचा, असं इथे लिहिणार होते. पण वर पोपटीबद्दल लिहिताना हात थांबला. पोपटीत पाणी घालतच नाहीत! शेंगा वाफेवर शिजतात आणि वाफेत कॅल्शियम नसतं. टँकरचं पाणी कितीही जड असलं तरी थर भांड्याच्या तळाशी राहणार, वर येणार ती शुद्ध वाफ. घरात मोदकपात्र आहे, गणपतीनंतर माळ्यावरच आहे. आणि मी फिल्टरच्या पाण्याचे दोन-दोन लिटर उकळून ओतून देत होते.

नोंद अर्धी ठेवून उठले. पात्र काढलं, खाली टँकरचं पाणी, चाळणीवर पाव किलो शेंगा एका थरात, वाफ जोरात आल्यावर झाकण लावून पाच मिनिटं. एक शेंग प्रोबने पाहिली: दीड मिनिटात 90 च्या पुढे. तो 55 ते 70 चा पट्टा तिने काही सेकंदांत ओलांडला. बर्फाच्या पाण्याऐवजी पंख्याखाली गार केल्या, म्हणजे टँकरचं पाणी शेंगांना कुठेच लागलं नाही. आत्ता एक चावून पाहिली. करकर नाही. हिरवेपणा उकळलेल्यांपेक्षा किंचित कमी, पण चव जास्त, कारण पाण्यात काही गेलं नाही. मीठ मात्र आत शिरलेलं नाही, ते वाफवण्याआधी चोळून पाहावं लागेल, पोपटीत चोळतात तसंच. ओवाही.

पावसाच्या पाण्याचा बेत रद्द. शेंगा फ्रीजमध्ये ठेवल्यात, कोळसा तो पेटवायच्या नळकांड्यात भरून गच्चीच्या दाराशी. उद्या सकाळी सातला, वारा पडलेला असतानाच पेटवते. भांबुर्डी इथे पुण्यात मिळेल का, तेही विचारून ठेवते. निखाऱ्यावर लाकडाबरोबर मूठभर पाला टाकून पाहायचा आहे.