उकिरड्याच्या उबेवर काकडी

मागच्या उन्हाळ्यात आमच्या परड्यातला काकडीचा वेल थेट गोठ्याच्या पत्र्यावर चढला होता. पिवळीधमक फुलं, मधमाश्यांची ये-जा, जाणारा-येणारा थांबून बघायचा. काकड्या मात्र मोजून चार, त्यातली एक कडू. बियाणंच खोटं निघालं म्हणून मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होते. मग एकदा कृषी सहायक घरी आले. त्यांनी एक फूल खुडून माझ्या तळहातावर ठेवलं.

"वहिनी, ही सगळी नर फुलं आहेत. मादी फुलाच्या मागं करंगळीच्या पेराएवढी काकडी आधीपासूनच असते. बी टोकलं कधी?"

"मार्चच्या मध्यावर."

"मग दुकानदाराला कशाला बोलताय?"

वेलवर्गाचं असं असतं म्हणे. हवा थंड आणि दिवस लहान असला की मादी फुलं जास्त येतात. ऊन चढलं, दिवस मोठा झाला की नर फुलांचाच बाजार. म्हणजे वेल फेब्रुवारीतच जमिनीवर पसरायला लागायला हवा. आणि त्यासाठी बी रुजवायचं जानेवारीत.

पण आम्ही राहतो वाईहून बावधनकडे जाताना. संक्रांतीच्या सुमारास पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो, परड्यातल्या मातीत हात घातला तर बोटं गारठतात. काकडीच्या बियाला रुजायला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. गार ओल्या मातीत टाकलं तर ते पडून राहतं आणि कुजतं. शेडनेट, पॉलिहाऊस हे आपलं काम नाही, सगळं परडं मिळून एक गुंठा.

तोडगा आत्याबाईंनी काढला. "उकिरड्यात घाल की. आमची आय तसंच करायची."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी काकडीचं हिमांगी आणि दोडक्याचं फुले सुचेता, अशी दोन वाणांची बियाणी रात्रभर कोमट पाण्यात भिजवली. कारल्याचं कवच टणक, म्हणून ते पूर्ण चोवीस तास. मग जुन्या लुगड्याच्या ओल्या फडक्यात तीन पुरचुंड्या बांधल्या आणि गोठ्यामागच्या शेण-पाचटाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून आत ढकलल्या. हात बाहेर काढताना चटका बसला तेव्हाच मला कळायला हवं होतं. उलट मी खूश, काय ऊब आहे म्हणून.

तिसऱ्या दिवशी पुरचुंडी उघडली तर आतून भिजवलेल्या वालांसारखा वास. बी दोन बोटांत दाबलं, सालीतून पांढरं पीठ बाहेर आलं. आत्याबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "शिजलं गं बियाणं तुझं. आता फोडणी दे."

मी ताप बघायचा थर्मामीटर आणून ढिगात खुपसला. त्यावर आकडा येईचना, नुसतं 'एच' अक्षर. म्हणजे त्याच्या आवाक्याच्या वर गेलं. ताज्या शेणाचा ढीग मुरताना आतून साठ अंशांच्याही वर तापतो, हे मला नंतर समजलं. (तो थर्मामीटर डेटॉलनं तीनदा धुतला, तरी ह्यांनी नवा आणलाच.)

दुसरी खेप घातली 21 जानेवारीला. या वेळी ढिगाच्या कडेला, चार बोटं खोल, आणि खाली वीतभर जुन्या कुजलेल्या शेणखताचा थर. हात आत ठेवून शंभरपर्यंत मोजता आलं पाहिजे, एवढीच ऊब. रोज संध्याकाळी पुरचुंडी उघडून फडकं ओलं आहे का बघायचं. ओलं म्हणजे ठिबकणारं नव्हे. चौथ्या दिवशी काकडीच्या बियांना टोकाशी पांढरा कोंब दिसला, भाताच्या शितापेक्षाही बारीक. दोडका एक दिवस मागं. कारल्यानं आठवडा खाल्ला आणि निम्मंच उगवलं.

वेलवर्गाच्या मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून वाफ्यात रोपं करून उपटून लावायचा प्रश्नच नव्हता. स्टीलच्या पेल्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी दोनदा गुंडाळायची, तळाशी दुमडून दाबायचं, पेला काढून घ्यायचा. असे चाळीस कप झाले. त्यात चाळलेलं शेणखत, माती आणि थोडी नदीची वाळू. 26 जानेवारीला झेंडावंदनाहून आल्यावर एकेका कपात एकेक कोंबाचं बी, कोंब खाली करून, बोटाच्या पेराइतकं खोल. कप ठेवले दुधाच्या क्रेटमध्ये. वर बांबूच्या कामट्यांच्या कमानी आणि नव्या गादीवरून निघालेलं प्लास्टिक. सकाळी ऊन तापलं की प्लास्टिक वर करायचं, चार वाजता पुन्हा खाली, रात्री त्यावर पोतं. पाणी सकाळीच.

मिरची आणि वांग्याचं बी थर्माकोलच्या खोक्यात वेगळं टाकलं होतं. ती रोपं बोटभर झाली आणि एका सकाळी बघते तर मातीलगत देठ काळे पडून आडवी. पाणी जास्त झालं होतं, दुसरं काही नाही. दोन दिवस पाणी तोडलं, वर कोरडी वाळू भुरभुरली, खोकं वाऱ्याला ठेवलं. तिसरा हिस्सा वाचला. आम्हाला तेवढी पुरतात.

काकडीला बीदलांनंतरची दोन खरी पानं फुटली, मग शेवटचे पाच-सहा दिवस रोपं उघड्यावर ठेवून ऊन-वाऱ्याला सरावली. 18 फेब्रुवारीला लावली. वाईत घाटांवर कृष्णाबाईचा उत्सव चालू होता, ह्यांना तिकडे जायची घाई, खड्डे मात्र त्यांनीच घेऊन दिले. कागदासकट कप खड्ड्यात ठेवायचा, फक्त तळ फाडायचा. माझी चूक अशी झाली की सहा-सात कपांचे काठ मातीच्या वर राहिले. तो सुका कागद वातीसारखी खालची ओल ओढून घेतो आणि हवेत उडवतो. तेवढीच रोपं दुपारी माना टाकायची. काठ फाडून काढले, दोन दिवसांत सावरली.

त्यानंतरचा शत्रू म्हणजे लाल भुंगेरे. कोवळी पानं चाळणीसारखी करतात. पहाटे ते गारठलेले असतात, उडत नाहीत. तेव्हाच वेचून साबणाच्या पाण्यात टाकायचे आणि दवावर चुलीतली राख भुरभुरायची. रोज सकाळी पंधरा मिनिटं. माझा धाकटा या कामाला एका हाकेत उठायचा, शाळेला चार हाका लागतात.

होळीच्या आधीच फुलं दिसली. मी उलटीपालटी करून बघत सुटले. पहिली पाच-सहा नरच निघाली, पोटात गोळा आला. सातव्याच्या मागं बारीक लव असलेली हिरवी काकडी होती. मग एका वेलावर अकरा मोजली.

रंगपंचमीला बावधनचं बगाड, म्हणजे भैरवनाथाची जत्रा असते. पाव्हणे आदल्या दिवशीच येतात, त्याच दिवशी पहिल्या तीन काकड्या तोडल्या. पांढरट, गोड, बी न धरलेल्या. दाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली, सोळा माणसांत एकेक चमचा आली. चौथीला मी हात घालणार तोच आत्याबाई ओरडल्या. ती पहिल्या खोडाजवळची, सरळ वाढलेली. तिच्या देठाला त्यांनी तांबडी चिंधी बांधून ठेवली होती, बियाण्याची म्हणून. अजून वेलावरच आहे, पिवळी पडायला लागली आहे.