व्हिडिओ डोअरबेल बसवली, पण घोडं पेंड खाल्लं वायफायपाशी

व्हिडिओ डोअरबेल घ्यायची असेल तर आधी आपला राउटर बघा, बेल मागाहून. हे मला विकत घेण्याआधी कुणी सांगितलं नाही आणि घेतल्यावर कंपनीच्या कस्टमर केअरनेही सांगितलं नाही. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

निवड तशी चटकन झाली. दिवसा आई घरी एकटी असते. गुडघ्यांमुळे तिला पटकन उठता येत नाही आणि दाराबाहेर कोण आहे हे तिला बसल्या जागी कळायला हवं होतं. वायरवर चालणाऱ्या बहुतेक बेलना ट्रान्सफॉर्मरमधून येणारा 16 ते 24 व्होल्टचा पुरवठा लागतो. काही घरांत मात्र जुन्या घंटीला थेट 230 व्होल्टची लाइन आलेली असते. तिला अशी बेल जोडली तर बेल जळेलच, शिवाय जोडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे तशीच लाइन, म्हणून बॅटरीची घेतली. रेकॉर्डिंग क्लाउडवर ठेवायला दरमहा पैसे भरायचे नव्हते, त्यामुळे मेमरी कार्डवाली. बेल चोरीला गेली तर आतलं कार्डही जाणार, हा तोटा मान्य करून घेतली.

मग सुरू झाला जोडणीचा छळ. ॲप घेतलं, वायफायचं नाव आणि पासवर्ड भरला, मोबाइलवर क्यूआर कोड आला. तो बेलच्या कॅमेऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरायचा. धरला. बेल 'टुंग' वाजली, म्हणजे कोड वाचला गेला. निळा दिवा लुकलुकायला लागला, ॲपमधलं वर्तुळ फिरत फिरत पार शेवटाला आलं आणि लाल अक्षरं उमटली: जोडणी झाली नाही, पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पासवर्ड बरोबर होता, त्याच वायफायवर मोबाइल सुरळीत चालत होता, आणि बेल राउटरपासून हातभर अंतरावर टेबलावर होती.

कस्टमर केअरला फोन लावला. "मॅडम, राउटर बंद करून चालू करा." केला. "रीसेटच्या भोकात पिन घालून दाबून धरा." धरली. "ॲप काढून परत टाका." तेही केलं. दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळी कथा सांगायची, आणि तो परत राउटर बंद-चालू करण्यापासून सुरुवात करणार. शेवटी "बेल बदलून घ्या" हे उत्तर मिळालं. बेल बदलली असती तरी काडीचा फरक पडला नसता, कारण बेलमध्ये दोष नव्हताच. राउटर कुठला आहे, वायफाय एकाच नावाने येतं की दोन, हा साधा प्रश्न त्यांच्यापैकी एकानेही विचारला नाही.

उत्तर सापडलं माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांच्या तक्त्यात: फक्त 2.4 गीगाहर्ट्झ. हल्लीचे बरेच राउटर 2.4 आणि 5 गीगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर (म्हणजे रेडिओलहरींच्या दोन बँडवर) वायफाय देतात. 5 वेगवान असतो पण भिंतींपुढे लवकर ढेपाळतो, 2.4 संथ, पण लांब पोचतो. बाजारातल्या कितीतरी बॅटरीच्या बेल फक्त 2.4 च्या पट्टीवर चालतात. नवे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कुणाला कुठे न्यायचं ते स्वतः ठरवतात. माझा मोबाइल 5 वर होता, बेलला ती पट्टी दिसतच नव्हती. भरीला राउटरची सुरक्षा डब्ल्यूपीए3 (वायफाय सुरक्षित ठेवायची नवी पद्धत) वर होती, ती अनेक छोट्या उपकरणांना कळत नाही.

राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली, 2.4 ची सुरक्षा आधीच्या डब्ल्यूपीए2 वर आणली, मोबाइल त्यावर घेतला आणि कोड दाखवला. लगेच जोडली गेली! इतकं हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी संतापही आला, कारण ही ओळ खोक्यावर ठळक छापायला काय हरकत होती? तुमच्या राउटरमध्ये नावं वेगळी करता येत नसतील तर फक्त 2.4 वर चालणारं गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) सुरू करून बघा. त्यात कॅमेरा घरातल्या कॉम्प्युटरपासून वेगळाही राहतो. एकदा जोडणी झाली की मोबाइल पुन्हा 5 वर न्या, काही बिघडत नाही.

भिंतीला भोकं पाडण्याआधी बेल जागेवर नुसती धरा, दार बंद करा आणि मोबाइलवर चित्र बघा. दार उघडं ठेवून केलेली तपासणी फसवी असते, लोखंडी दार सिग्नल बराच खातं. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर उणे 60 च्या आसपास चांगला, उणे 70 च्या पलीकडे चित्र अडखळू लागतं. उंची साधारण 120 सेंटिमीटर ठेवली, त्यात चेहराही दिसतो आणि पायाशी ठेवलेलं पार्सलही. बाजूची भिंत अगदी चिकटून असेल तर रात्री बेलचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) उजेड तिच्यावरून परततो आणि चित्र पांढरंफटक होतं. अशा वेळी बेलखाली तिरकी पट्टी लावून तोंड थोडं वळवा.

शेजाऱ्यांचं दार दिसत असेल तर तेवढा भाग ॲपमध्ये झाकून टाका. कुणाच्या येण्याजाण्यावर आपला कॅमेरा असणं बरोबर नाही. जिन्यातली प्रत्येक हालचाल टिपू दिली तर बॅटरीही भराभर उतरते.

आता बेल वाजली की आई पलंगावरूनच टॅबमध्ये बघते आणि खणखणीत आवाजात विचारते, "कोण हवंय?" टॅबवर सूचना उशिरा येत होती, ती त्या ॲपवरची बॅटरी-बचत बंद केल्यावर वेळेवर यायला लागली.

अजून एक, बेलसोबत येणारा छोटा स्क्रूड्रायव्हर जपून ठेवा. आमच्या बेलच्या खालच्या स्क्रूला चांदणीसारखी खाच आहे, साध्या पान्याने तो निघत नाही, आणि चार्जिंगसाठी बेल दर वेळी काढावीच लागते.