आईला 'हं' म्हटलं

मंगळवार, 20 जानेवारी. रात्रीचे साडेअकरा.

आईशी खोटं बोलले. रविवारची गोष्ट, आज मंगळवार संपत आला तरी डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहून काढते.

झालं एवढंच की ती तिळगुळाचा डबा घेऊन आली, दारात चपला काढता काढताच डावा हात पुढे केला, बघ अजून आहे थोडी. गुरुवारी महापालिकेच्या मतदानाला लावलेली शाई. नखाच्या कडेला एक काळपट रेघ राहिली होती फक्त. मग पाणी पिताना विचारलं, "तुमच्याकडे गर्दी होती का गं? कोणाला दिलंस?" आणि मी म्हटलं, "आई, ते सांगायचं नसतं."

ती हसली, तिला आवडलंच ते. मग माझा हात हातात घेतला आणि बोट कोरं बघून मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हो की, या वेळी मार्कर होता ना, टीव्हीवर दाखवत होते, रिमूव्हरने जातो म्हणे." मी म्हटलं, "हं."

एवढंच. हं. माझा मुलगा ओजस समोर लाडू खात बसला होता, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि परत लाडू खायला लागला. तो गुरुवारी दिवसभर माझ्याबरोबर घरातच होता, त्याला माहितीये मी कुठेही गेले नाही ते.

मी आजारी नव्हते की बाहेरगावी नव्हते. ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांनी शुक्रवारची रजा टाकली आणि चार दिवस अलिबाग नाहीतर गाव गाठलं, मी तेही केलं नाही. शाळा घरापासून आठ मिनिटांवर, गॅलरीतून तिचं गेट दिसतं. सकाळी म्हटलं नाश्ता करून जाऊ, मग म्हटलं आता रांग असेल, दुपारी जाऊ, मग जेवण झालं, डोळा लागला, पाच वाजता उठून चहा ठेवला आणि घड्याळात साडेपाच वाजताना बघत उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. आता जायचा प्रश्नच नाही. ते सुटल्यासारखं वाटणं मला सगळ्यात जास्त टोचतंय.

कारण हीच मी मे 2024 ला लोकसभेला याच शाळेत कडाक्याच्या उन्हात दीड तास उभी राहून टेबलापर्यंत पोचले, आणि यादीत नाव नाही म्हटल्यावर केवढी भांडले होते. आवाज चढवून. माझा हक्क आहे वगैरे. त्या बिचाऱ्या बाईंनी शांतपणे सांगितलं की घर बदललंत पण फॉर्म भरला नाहीत, तुमचं नाव जुन्या पत्त्यावरच असेल. होतंच ते ठाण्यातल्या चरईच्या यादीत. घणसोलीहून ठाणे ट्रेनने वीस-पंचवीस मिनिटं, दुपार पुढे पडलेली होती, जाऊन आले असते. नाही गेले. घरी येऊन सगळ्यांना सांगत सुटले की माझं नावच गायब केलं. त्या वेळी ठाणे मतदारसंघात 52 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि तिकडे गडचिरोलीत 72 टक्क्यांच्या घरात, ते वाचून मी लोकांनाच नावं ठेवली होती, शिकलेल्यांना काही पडलेली नाही म्हणून. नोव्हेंबरला विधानसभेच्या वेळी आईचं ते सगळं चालू होतं, ते इथे नको. मग गेल्या वर्षी पत्ता बदलायचा फॉर्म आठ भरला, या वेळी यादीत नाव आलं, घरी चिठ्ठी आली, चिठ्ठीवर माझं नाव बरोबर, आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर. नाव नव्हतं तेव्हा भांडले आणि आलं तेव्हा झोपले.

परवापासून मी स्वतःला कारणं देतेय. पहिलं, चार मतं. प्रभागात चार जागा, अ ब क ड, प्रत्येकीला वेगळा उमेदवार, आणि मला त्यातल्या एकाचाही चेहरा ओळखता आला नसता. नगरसेवक म्हणजे काय असतो तेच विसरायला झालंय. नवी मुंबईची आधीची निवडणूक एप्रिल 2015 ची, 2020 ला मुदत संपली, मग कोरोना, मग ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागरचना, तारखांवर तारखा, आणि सगळा कारभार प्रशासकाकडे. राज्यघटनेत लिहिलंय की पालिकेची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक व्हायला हवी. साडेपाच वर्षांहून जास्त काळ झाली नाही. रस्ता खणला, फूटपाथ उखडला, खाली गटाराचं झाकण कित्येक आठवडे तुटलेलं होतं, मी ॲपवर फोटो टाकायचे, तक्रार बंद झाली असा मेसेज यायचा आणि झाकण तसंच. विचारायला माणूसच नव्हता. मला वाटतं सवय मोडते ती अशीच. शेजारी ये-जा बंद झाली की दोन वर्षांनी बेल वाजवायला अवघड वाटतं, तसं.

हे लिहिताना बरं वाटलं. बघा, माझी चूक नाही, मला कोणी विचारलंच नाही इतकी वर्षं. पण हेही पूर्ण खरं नाही ना. निवडणूक होत नाहीये याचा मला या साडेपाच वर्षांत एकदा तरी राग आला होता का? नाही आला. नळाला पाणी येत होतं, आपल्या पालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, कचऱ्याची गाडी येत होती, मी बिलं भरत होते. पालिकेत निवडून दिलेला एकही माणूस नाही हे मला जाणवलंच नाही. प्रसाद परवा म्हणाला, सगळे सारखेच गं, आज या पक्षात उद्या त्या पक्षात, 2022 ला एक फुटला, 2023 ला दुसरा, आपण ज्याला देतो तो तिथे राहतो कुठे. त्याचं नाव अजून सांगलीच्याच यादीत आहे. मी मान हलवली. पण मला तर ते कारणही लागू होत नाही, मी चिडून घरी बसले असते तर निदान चिड तरी असती. चिडलेल्या माणसाला 2013 पासून 'नोटा'चं, म्हणजे यांपैकी कोणीही नको असं सांगायचं, बटण आहे. मी चहा ठेवला.

आणि खोटं बोलले ते आईशी.

तिने इलेक्शन ड्युटी केली ती शहापूर, मुरबाडकडच्या आतल्या गावांत, ते सगळं ओजसलासुद्धा पाठ आहे, पेटी घेऊन ट्रकमधून जायचं, शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, पहाटे उठून बघावं तर दाराबाहेर बायका येऊन बसलेल्या, साडी धुतलेली, डोक्याला तेल. आई सांगते, नाव विचारलं की काही जणी लाजून शेजारणीकडे बघायच्या, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि स्वतःचं कोणी कधी विचारलेलं नाही. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी तर जवळपास 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं आणि आयोगाने असली नावं धरायची नाहीत असं ठरवलं. आईने हे मला पाचवीत सांगितलं होतं. माझं नाव चिठ्ठीवर पूर्ण छापलेलं होतं.

2017 ला ठाण्यात अशीच चार मतं होती. बाबांनी आदल्या रात्री अ ब क ड लिहून कागद केला होता, चष्मा लागतो म्हणून मोठ्या अक्षरात. मी त्यांच्याबरोबर गेले होते. आता कागद करणारं कोणी नाही. जाऊ दे.

मत गुप्त असतं ते कशासाठी, तर मालकाने, नवऱ्याने, गल्लीतल्या दादाने दबाव आणू नये म्हणून. त्याच्याआड मी लपले, तेही अशा बाईपासून जिने आयुष्यात कधी मला कोणाला दे म्हणून सांगितलं नाही. तिने फक्त कौतुकाने विचारलं होतं.

आज संध्याकाळी ओजसने विचारलं, आजीला खरं का नाही सांगितलंस. ओरडणार होती का ती? मी म्हटलं नाही. मग? माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, मग सांग ना. त्याला ते इतकं सरळ दिसतंय. आणि खरंच, एवढं काय त्यात. मत तर गेलं, पालिकेचं आता पाच वर्षं येत नाही, लोकसभा 2029 ला. चिठ्ठी फ्रिजवर मॅग्नेटखाली आहे अजून, काढायला गेले होते, ठेवली परत. गटाराच्या झाकणासाठी आता नवीन चार जणांपैकी कोणाकडे जायचं ते सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंय, मी मत दिलं नाही म्हणून ते मला नाही म्हणणार नाहीत, म्हणायलाही नको. जाईन.

रविवारी रथसप्तमी, आईकडे हळदीकुंकू आहे. डबा परत द्यायचाय, रिकामा देणार नाही, शेंगदाण्याची चिक्की करते बहुतेक. लवकरची ट्रेन घ्यायला हवी, बायका चारपासून यायला लागतात आणि त्यांच्यासमोर नको. जेवायच्या आधीच सांगते, जेवल्यावर ती झोपते.