ग्लेन एलनचं जळकं घर

कॅलिफोर्नियातल्या सोनोमाला वाइनसाठी येणारे लोक ग्लेन एलन इथल्या, अमेरिकन लेखक जॅक लंडनच्या रांचला, म्हणजे शेतवाडीला, तासभर देतात. तासाभरात इथे काहीच पाहून होत नाही. अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा आणि उन्हाळ्यात सकाळी ऊन चढायच्या आत आधी वुल्फ हाउस, म्हणजे त्याच्या जळालेल्या घराचे अवशेष, गाठा. संग्रहालयापासून वाट एखादा किलोमीटरच आहे, पण जाताना उतार, म्हणजे परतताना दमवणारा चढ. कडेच्या तीन-तीन पानांच्या झुडपांना हात लावू नका. तो पॉयझन ओक, त्याची खाज दिवसचे दिवस जात नाही.

झाडी संपली की ज्वालामुखीच्या दगडांच्या भिंती समोर येतात. छप्पर नाही, मजले नाहीत. वरच्या मजल्यांच्या शेकोट्या भिंतीत अधांतरी उरल्यात. तिथून पाय निघत नाही.

1906च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाचा धडा घेऊन वास्तुविशारद अल्बर्ट फार याने काँक्रीटचा जाड पाया घातला होता. वर दगड आणि सालीसकट रेडवुडचे ओंडके, 26 खोल्या, 9 शेकोट्या. भूकंपाचा बंदोबस्त चोख होता. लंडन दांपत्य राहायला येण्याच्या बेतात असताना 22 ऑगस्ट 1913च्या रात्री घर पेटलं. कुणीतरी मुद्दाम लावलं, असा संशय कित्येक वर्षं राहिला. 1995 मध्ये आगीच्या तज्ज्ञांनी अवशेष तपासून काढलेला निष्कर्ष मला पटतो: लाकूडकामाला जवसाचं तेल लावून झाल्यावर कामगारांनी टाकलेल्या चिंध्या. हे तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. पसरलेल्या फडक्यातली उष्णता हवेत विरते, ढिगातली आत कोंडते आणि चिंध्या आपोआप पेट घेतात. त्यात उन्हाळ्याची रात्र आणि आजूबाजूला नवं कोरडं लाकूड. फडकी एकेक करून उघड्यावर वाळत घातली असती किंवा पाण्यात बुडवून ठेवली असती, तर घर वाचलं असतं.

हे जळणं जिवाला लागतं, कारण इथला पैसा लंडनच्या लेखणीचा होता. रोज सकाळी 1000 शब्द, मग बाकीची कामं. 40 वर्षांच्या आयुष्यात 50च्या आसपास पुस्तकं. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीचे हक्क त्याने 1903 मध्ये 2000 डॉलरला कायमचे विकून टाकले. पुस्तक धडाधड खपलं, पण त्या खपातला वाटा त्याला मिळाला नाही. पुढचा पैसा पुढच्या पानांतूनच यायचा.

संग्रहालयात त्याला आलेल्या प्रकाशकांच्या नकारपत्रांपाशी थांबा. बाकीचं भराभर पाहिलं तरी चालेल.

गोल डुक्करवाडा मात्र चुकवू नका. मधोमध खाद्याचा मनोरा, भोवती गोलाकार खोल्या, म्हणजे एकटा गडी सगळ्या डुकरांना खाऊ घालू शकेल. रशिया-जपान युद्धाच्या बातमीदारीत कोरियात पाहिलेली पायऱ्यांची शेतीही लंडनने इथल्या उतारावर केली, माती वाहून जाऊ नये म्हणून. निलगिरीची हजारो झाडं लावली, ती मात्र धंदा म्हणून बुडाली.

वुल्फ हाउस पुन्हा बांधलं गेलं नाही. 22 नोव्हेंबर 1916ला लंडन जवळच्याच लाकडी कॉटेजमध्ये वारला. टेकडीवर दोन लहान मुलांच्या जुन्या थडग्यांशेजारी त्याची राख पुरली आहे. वर ठेवलेला दगड वुल्फ हाउसच्या आवारातला.