ग्रुप फाकतोय? बॅरल बदलायच्या आधी जोड बघा

सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर पडलेल्या गोळ्यांचा झुबका, फाकला की लोक पहिला दोष बॅरलला देतात. मग महागातलं बॅरल येतं, तेही घाईघाईत बसवलं जातं, आणि टार्गेटवर परत तेच. मला तर बॅरल कुठलं यापेक्षा ते बसलंय कसं हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

एआर-१५ ही रायफल घ्या. बॅरलची मागची बाजू अॅल्युमिनियमच्या अपर रिसीव्हरमध्ये, म्हणजे रायफलच्या सांगाड्याच्या वरच्या भागात, सरकते आणि बॅरल नट तिला रिसीव्हरच्या तोंडावर आवळून धरतो. हे तोंड जरा जरी तिरकं असलं तर नट आवळला की सगळा दाब एकाच बाजूला जातो. मी तोंडावर काळ्या मार्करने रंग लावतो, लॅपिंग टूलला (तोंड घासून सपाट करायचं अवजार) बारीक पेस्ट लावून हलक्या हाताने चार फेरे मारतो आणि पुसून बघतो. मागच्या जोडणीत खालच्या बाजूचा रंग पार निघून धातू चमकत होता आणि वरचा जसाच्या तसा काळा, एवढं तिरकं होतं ते. रंग सगळीकडून निघाला की थांबायचं, जास्त घासायचं नाही.

बॅरल आत ढिलं जात असेल तर स्टीलची पातळ शिम (पट्टी) घालून घट्ट करतात. नटाच्या आट्यांना ग्रीस लावायचं, दोन-तीनदा आवळून सोडायचं, मग टॉर्क रेंचनेच शेवटचं आवळायचं, ३० ते ८० फूट-पाउंडच्या मधे, आणि ही रेंज एवढी मोठी आहे कारण गॅस ट्यूबसाठी (बॅरलमधला गॅस मागे आणणारी बारीक नळी) नटाची खाच समोर यावी लागते.

ही ट्यूब फार दुर्लक्षित राहते. बोल्ट (काडतुसामागे चेंबर बंद करणारा भाग) काढून त्याचा रिकामा कॅरियर हळूच पुढे सरकवा, ट्यूबचं टोक कॅरियरवरच्या ‘गॅस की’ या पोकळ तुकड्यात कुठेही न अडकता गेलं पाहिजे. जरा घासत असेल तर प्रत्येक वेळी बोल्ट वेगळा बसतो. हँडगार्ड (बॅरलभोवतीचं हाताने धरायचं आवरण) फ्री-फ्लोट, म्हणजे बॅरलला पुढे कुठेही न टेकणारा असावा, म्हणजे बायपॉड किंवा स्लिंगचा ताण बॅरलवर येत नाही. आणि बॅरल किंवा बोल्ट नवा असेल तर हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) गेजने तपासल्याशिवाय एकही राउंड झाडायचा नाही, यात तडजोड नाहीच.

मग टेस्ट. १०० मीटरवर १ एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण २९ मिलिमीटर. तीन गोळ्यांचा सुंदर ग्रुप बघून खूश होऊ नका, एकाच लॉटचा दारूगोळा घेऊन सलग दहा झाडा आणि तेव्हा मोजा.